मानेला बसलेला झटका : वाचकांचे प्रश्न

गाडीच्या अपघातानंतर मान आणि पाठीची काळजी कशी घ्यावी, यावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. हाडं मोडलेल्या अपघातांची पत्रं थोडीच आली. बहुतेकांच्या मते त्यांचा अपघात ‘किरकोळ’ होता. सिग्नलला उभ्या गाडीला मागून धडक, खड्ड्यात उडालेली रिक्षा, अचानक ब्रेक लागून समोरच्या दांडीवर आपटलेलं डोकं. गाडी दोन दिवसांत गॅरेजमधून बाहेर येते, मान मात्र महिनोनमहिने धरून बसते. आम्ही ही उत्तरं कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे मणके आणि सांधे हातांनी हलवून करायच्या उपचारांच्या अंगाने देत आहोत. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्टला ही पद्धत सुरू केली. पण जिथे हात लावणंच चूक, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. अपघातानंतर अशा जागा बऱ्याच असतात.

प्रश्न : पश्चिम द्रुतगती महामार्गावर सिग्नलला थांबलो असताना मागून टॅक्सी आदळली. बंपर थोडा चेपला, मला काहीच झालं नाही. घरी आलो, जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मान आखडायला लागली, तिसऱ्या दिवशी डोक्याच्या मागून ठणका. लगेच दुखलं नाही, मग हे अपघाताचंच कसं? (वाचक, अंधेरी)

उत्तर : हे अपघाताचंच दुखणं आहे. ते उशिरा जाणवणं हीच या दुखापतीची रीत. मागून धडक बसली की सीटची पाठ तुमच्या धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र क्षणभर जागेवरच राहतं. त्या पहिल्या सेकंदाच्या दहाव्या भागात मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळते. खालचे मणके मागे झुकतात आणि वरचे पुढे. मणक्यांच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढे जे छोटे सांधे असतात, त्यांचं आवरण यात चिमटतं आणि ताणलं जातं. स्नायू सावध होऊन मान धरेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. आवरणाला आलेली सूज हळूहळू वाढते, म्हणून दुखणं २४ ते ७२ तासांत वर येतं. बंपर किती चेपला यावरून मानेला किती लागलं, हे ठरवता येत नाही.

व्यायामाआधी एक गोष्ट पक्की करायची, ती म्हणजे हाड किंवा मज्जारज्जू दुखावलेला नाही ना. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, हातापायांत मुंग्या येत असतील, गाडी उलटली असेल किंवा माणूस गाडीबाहेर फेकला गेला असेल, तर मान वळवून बघायची नाही. आधी रुग्णालय, आधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन. मानेच्या अगदी मधोमध, हाडावर बोट ठेवल्यावर कळ येत असेल तरी तेच. यातलं काही नसेल, माणूस पूर्ण शुद्धीत असेल, चालता-बसता येत असेल, तर डॉक्टर मान दोन्ही बाजूंना ४५ अंश वळवायला सांगतात. हनुवटी छाती आणि खांद्याच्या मध्यावर येते, तेवढं. दोन्हीकडे जमलं तर बहुधा एक्स-रेची गरज लागत नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी बांधलेला हा नियम जगभर तातडीच्या विभागांत वापरला जातो.

हे पार पडल्यावर पहिले तीन-चार दिवस अंथरुणाला खिळून राहू नका. जागे असताना दर दोन तासांनी मान सावकाश उजवीकडे, डावीकडे, मग कान खांद्याकडे, प्रत्येक बाजूला ५ ते १० वेळा हलवा. दुखायला लागेल तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं, पुढे रेटायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं ठेवा, कातडीवर थेट नको. शेकल्याने बरं वाटत असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या. यावरून घराघरांत वाद होतात, पण ज्याने तुमची मान मोकळी होते ते तुमच्यासाठी बरोबर. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान ६ तास. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. एकच उशी घ्या. कुशीवर झोपल्यावर कान आणि खांद्याच्या मधली पोकळी भरेल एवढी तिची उंची असावी. आणि तेल लावून जोरात रगडणं पहिला आठवडा तरी नको. सुजलेलं आवरण रगडून उतरत नाही, उलट चिडतं.

प्रश्न : आईने मेडिकलमधून मानेचा पट्टा आणून दिलाय. दिवसभर घालते, रात्रीही घालून झोपते. किती दिवस घालू? (वाचक, दादर)

उत्तर : हाड मोडलेलं किंवा सरकलेलं नसेल तर हा मऊ पट्टा ठेवून द्या. दिवसभर पट्ट्यात राहिलेल्या मानेचे स्नायू आयते बसतात, सांधे आखडतात आणि पट्टा काढल्यावर डोकं पेलवेनासं होतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत बसने किंवा गाडीने जाताना तेवढ्यापुरता घातला तर चालेल. रात्री अजिबात नको. मात्र डॉक्टरांनी हाडाच्या दुखापतीसाठी कडक कॉलर दिली असेल तर ती गोष्ट वेगळी, ती त्यांच्या सांगण्याशिवाय काढायची नाही.

प्रश्न : मिस्टरांना सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान ‘कडाड’ मोडून घ्यायची सवय आहे. मागच्या आठवड्यात पूर्व द्रुतगती महामार्गावर त्यांच्या गाडीला धडक बसली, तेव्हापासून मान दुखते. ते म्हणतात, न्हाव्याकडे एकदा मोडून घेतली की सुटेल. कायरोप्रॅक्टर तेच तर करतो ना? (वाचक, घाटकोपर)

उत्तर : न्हाव्याकडे अजिबात जाऊ देऊ नका. ‘सवयच आहे त्यांना’ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर जातात आणि सर्वांत वरच्या मणक्याभोवती वळसा घेतात. आणखी दोन गळ्याच्या पुढच्या बाजूने जातात. अपघाताच्या झटक्याने यातल्या एखादीचं आतलं अस्तर फाटू शकतं. असं क्वचितच होतं, पण फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. सुरुवातीला याचं लक्षण म्हणजे फक्त एका बाजूचं मान किंवा डोकं दुखणं. म्हणून माणूस ‘मान धरली’ असं समजून मालिशवाल्याकडे जातो आणि तिथे मान पिरगाळली जाते. पुढचं एक जरी लक्षण दिसलं तरी मानेला कुणीही हात लावायचा नाही, सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं. भोवळ येणं, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, घास गिळताना त्रास, चालताना तोल जाणं, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणं, एका डोळ्याची पापणी खाली येणं, किंवा ‘असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं’ असं वाटणं. ही लक्षणं अपघातानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही येऊ शकतात. अशा वेळी १०८ वर रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

आता त्या आवाजाबद्दल. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा पटकन ताणला की आतला दाब एकदम कमी होतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते, आणि ‘कट’ असा आवाज येतो. बोटं मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही, कारण हाड जागेवरून हललेलंच नसतं. खरोखर हललेलं असेल तर ते शस्त्रक्रियेचं काम आहे, हाताचं नाही. आवाजानंतर काही काळ स्नायू सैलावतात आणि दुखणं कमी जाणवतं, म्हणून सवय लागते.

प्रशिक्षित कायरोप्रॅक्टर पहिल्या भेटीत मानेला झटका देण्याआधी बराच वेळ वेगळंच काहीतरी करतो. अपघात कसा झाला, धडक कुठून, तुम्ही मान वळवून बसला होतात का, शुद्ध गेली होती का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारतो. रक्तदाब मोजतो. कोपर, मनगट, गुडघा, घोट्याजवळ हातोडीने ठोकून बघतो, हातांची ताकद आणि बोटांची संवेदना तपासतो, डोळ्यांच्या बाहुल्या आणि चाल पाहतो. मग एकेक मणका चाचपून कुठला सांधा आखडलाय ते शोधतो. झटका द्यायचाच असेल तर तो त्या एका सांध्याला, वेगाने पण अगदी कमी अंतराचा. न्हावी अख्खी मान टोकापर्यंत फिरवून वर पिरगाळतो, फरक तिथेच आहे. शिवाय अपघातानंतरचे पहिले काही दिवस चांगला कायरोप्रॅक्टर बहुधा मानेला झटका देतच नाही. सावकाश, लयीत सांधा हलवणं, पाठीच्या वरच्या भागावर काम करणं आणि व्यायाम शिकवणं यावरच भागवतो. झटका नको असेल तर ‘नको’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्याशिवायही उपचार होतो.

प्रश्न : मुंबईत बरेच जण पाटीवर ‘कायरोप्रॅक्टर’ लिहितात. एका ठिकाणी पहिल्याच दिवशी पूर्ण मणक्याचे एक्स-रे काढले आणि ४० भेटींचं पॅकेज समोर ठेवलं. खरा कोण, खोटा कोण, ओळखायचं कसं? (वाचक, मुलुंड)

उत्तर : भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी सरकारी परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. पारखायचं काम तुमच्यावर येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या शिक्षणासाठी किमान प्रमाण ठरवून दिलं आहे. चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास, किमान ४,२०० तासांचं प्रत्यक्ष शिक्षण, आणि त्यातले किमान १,००० तास देखरेखीखाली रुग्णांवर काम. आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांत उरकलेलं प्रमाणपत्र आणि हे शिक्षण एक नव्हे. पदवी कुठली, किती वर्षांची, कुठल्या महाविद्यालयाची, असं सरळ विचारा. खरं शिकलेला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही. फिजिओथेरपिस्ट हा उपचार करत असेल तर त्याची राज्याच्या परिषदेतली नोंदणी विचारा, महाराष्ट्रात ती व्यवस्था आहे.

४० भेटींचं पॅकेज घेऊ नका. मानेच्या अशा दुखण्यात हाताच्या उपचारांचा उपयोग होणार असेल तर तो पहिल्या ५-६ भेटींत, दोन ते चार आठवड्यांत दिसतो. पहिल्या दिवशी मान किती अंश वळते, दुखणं दहापैकी किती, झोप किती तास लागते, हे लिहून घ्यायला सांगा आणि सहाव्या भेटीला पुन्हा मोजायला लावा. आकडे हलले नाहीत तर उपचार बदलायचा, भेटी वाढवायच्या नाहीत. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं साधारण आहे. हाताला नवीन मुंग्या किंवा अशक्तपणा येणं मात्र साधारण नाही, तसं झालं तर पुढची भेट रद्द करा आणि डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यांचाच पूर्ण मणक्याचा एक्स-रे काढणंही गैर आहे. ‘मानेचा बाक गेलाय, सरळ झालीये’ असं दाखवून जी भीती घातली जाते, तिला फारसा आधार नाही. काहीही न दुखणाऱ्या कित्येकांची मानही एक्स-रेत सरळच दिसते. खर्च परवडत नसेल तर महापालिकेच्या केईएम, सायन, नायर, कूपर रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. हाजी अलीजवळची केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था तर याच कामासाठी आहे. रांग लागते, पण तपासणी नीट होते.

प्रश्न : अपघातानंतर एमआरआय काढला. कंबरेच्या ‘मणक्यात गॅप’ आहे आणि गादी बाहेर आलीय असं सांगितलं. वय ४२. आता वाकायचंच नाही का? (वाचक, परळ)

उत्तर : ‘मणक्यात गॅप’ या दोन शब्दांनी मुंबईत जितकी माणसं खाटेला बांधली असतील, तितकी अपघातांनीही नसतील. दोन मणक्यांमधली गादी वयाप्रमाणे सुकते, तिची उंची कमी होते, कडा थोड्या फुगतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले, तर विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची गादी फुगलेली दिसते आणि पन्नाशीपर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जातं. तेव्हा अहवालात लिहिलेलं सगळं अपघाताने झालं असं धरता येत नाही, आणि तेच दुखण्याचं कारण आहे असंही नाही. स्कॅनपेक्षा तुमच्या तपासणीला महत्त्व द्या. पाय सरळ उचलल्यावर पोटरीपर्यंत कळ जाते का, टाचांवर आणि चवड्यांवर चालता येतं का, अंगठा वर उचलायची ताकद आहे का, हे बघायला हवं.

वाकायचं, पण पहिले काही आठवडे सकाळी उठल्या उठल्या खोल वाकणं आणि जड बादली उचलणं टाळायचं, कारण रात्रभरात गादी पाणी शोषून टणक झालेली असते. नंतर हळूहळू सगळं. मात्र लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा दोन्ही पायांतली ताकद जायला लागली, तर एक तासही वाट पाहू नका. ती मज्जातंतूंवरच्या दाबाची आणीबाणी आहे आणि काही तासांत शस्त्रक्रिया लागू शकते. तिथे कायरोप्रॅक्टरचं काही काम नाही.

प्रश्न : कुर्ल्याला रिक्षा उलटता उलटता वाचली, पण मुलाचं (वय १६) डोकं दांडीवर आपटलं. मानेपेक्षा डोकंच जास्त दुखतंय, चिडचिड करतो. झोपू द्यायचं का?

उत्तर : आधी डॉक्टरांनी तपासलेलं असू दे. त्यांनी घरी पाठवलं असेल तर झोपू द्या, पण पहिल्या रात्री दोन-तीनदा उठवून तो नीट उत्तर देतो का ते बघा. डोकेदुखी वाढत जाणं, एकापेक्षा जास्त उलट्या, आकडी येणं, एक बाहुली मोठी दिसणं, ओळख विसरणं, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय. नाहीतर ४८ तास विश्रांती, मोबाइल आणि टीव्ही जेमतेम, मग शाळा-क्लास टप्प्याटप्प्याने. खेळ सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पहिले दोन दिवस आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिनसारख्या गोळ्या नकोत, पॅरासिटामॉल चालेल. आणि या काळात मानेला झटका देणं पूर्ण बंद.

प्रश्न : तीन आठवडे झाले. मान सत्तर टक्के बरी आहे. बोरिवलीहून चर्चगेटला कामावर जायचं आहे, आठवड्यातून दोनदा गाडीही चालवते. व्यायाम कुठले, आणि लोकलमध्ये काय सांभाळू? (वाचक, बोरिवली)

उत्तर : तीन आठवड्यांत सत्तर टक्के म्हणजे तुम्ही बरोबर वाटेवर आहात. उरलेले तीस टक्के मालिशने किंवा झटक्याने फारसे येत नाहीत, व्यायामाने येतात. अशी कित्येक दुखणी इथेच सोडून दिली जातात आणि वर्षभर रेंगाळतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला व्यायाम सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात जास्त चुकतो. पाठीवर झोपा, डोक्याखाली टॉवेलची घडी. किंचित ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी गळ्याकडे आत घ्या, डोकं उचलू नका. १० सेकंद धरा, १० वेळा करा. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. कानामागून छातीकडे उतरणारी दोरी बोटांखाली ताठ झाली, तर तुम्ही जोर जास्त लावताय. मणक्याला आतून धरणारे स्नायू झटक्यानंतर सुस्तावतात आणि त्यांचं काम बाहेरच्या या दोऱ्या करायला लागतात, म्हणून संध्याकाळी मान जड होते. दोरी मऊ राहून हनुवटी आत येईल एवढाच जोर लावा. आठवडाभर हेच नीट जमवा.

दुसरा व्यायाम खांद्याच्या फऱ्यांचा. बसून, कोपरं अंगाला लावून, फऱ्या मागे आणि खाली ओढा, ५ सेकंद धरा, १० वेळा. खांदे कानांकडे चढले तर तो व्यायाम फुकट. तिसऱ्यात तळवा कपाळावर, मग दोन्ही बाजूंना, मग मागे ठेवून डोक्याने त्यावर दाब द्यायचा, पण डोकं हलू द्यायचं नाही. पूर्ण ताकदीच्या पाव भागाएवढाच जोर, ५ सेकंद, प्रत्येक बाजूला ५ वेळा. भोवळल्यासारखं किंवा तरंगल्यासारखं वाटत असेल तर चौथा, खुर्चीत बसून. अंगठा हातभर लांब धरा, नजर नखावर, आणि डोकं सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, ३० सेकंद. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून वल्हं मारल्यासारखा ओढा, १० वेळांचे ३ फेरे, एक दिवसाआड.

किती दुखलं तर चालेल? करताना दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ जागी आलं तर ठीक. सकाळीही वाढलेलंच असेल तर फेरे निम्मे करा, व्यायाम बंद करू नका.

लोकलमध्ये पहिले दोन आठवडे जमेल तर गर्दीच्या आधीची किंवा नंतरची गाडी घ्या. जागा पकडायला थांबायच्या आधीच डब्यात उडी मारण्याची आपली सवय मानेला सर्वांत वाईट, मागून रेटा बसतो आणि पाय अजून हवेत असतो. उभं राहायचं तर वरची कडी धरून लटकू नका, छातीच्या उंचीला उभा खांब धरा. पाय खांद्यांएवढे फाकवून, एक थोडा पुढे. पाठपिशवी छातीवर घेतली की सगळं वजन मान पुढे ओढतं, ती फळीवर ठेवा किंवा पायांत. मोबाइल खाली मांडीवर धरून बघू नका. बेस्टमध्ये मागच्या चाकावरची आणि त्यामागची आसनं सोडून मधली घ्या, खड्ड्याचा दणका मागे सर्वांत जास्त बसतो.

गाडी कधी चालवायची याची घरच्या घरी चाचणी घेता येते. उभ्या गाडीत बसा, दोन्ही बाजूंना मान वळवून आरशाच्या पलीकडचं दिसतं का ते पाहा, आणि ब्रेक जोरात दाबा. कळ आली किंवा मान वळवताना अख्खं धड वळवावं लागलं, तर अजून आठवडाभर थांबा. झोप आणणाऱ्या, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या चालू असताना तर गाडी नाहीच.

सीटही एकदा नीट लावून घ्या. डोकं टेकायची उशी खाली दाबून ठेवलेली गाडी आम्हाला रोज दिसते. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याशी आणि डोक्याच्या मागे अंतर तीन-चार बोटांहून कमी हवं. खाली राहिलेली उशी मानेखाली टेकू होऊन डोकं उलट जास्त मागे पाडते. स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटिमीटर लांब. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना तो सक्तीचा केला आहे.

प्रश्न : सहावा महिना आहे. गाडीला हलकी धडक बसली, पोटाला काही लागलं नाही. तरी दाखवायला हवं? (वाचक, चेंबूर)

उत्तर : हो, त्याच दिवशी, जिथे नाव नोंदवलंय त्या प्रसूती विभागात. पोटाला बाहेरून काही दिसत नसताना वार सुटू शकते. रक्तस्राव, पाणी जाणं, पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही असेल तर धावत जा. पट्टा लावणं सोडू नका. खालचा पट्टा पोटाखालून मांड्यांवर, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून.

प्रश्न : इन्शुरन्स आणि कोर्टासाठी काय कागद ठेवू? कायरोप्रॅक्टरचं बिल चालतं का? (वाचक, गोरेगाव)

उत्तर : पहिली नोंद रुग्णालयाची असू द्या, शक्यतो त्याच दिवसाची. तिथे अपघाताची वेळ, जागा आणि ‘मान दुखते’ हे तुमच्या तोंडून लिहून घेतलं जाऊ द्या, पोलिसांना जाणारी वैद्यकीय नोंद तिथूनच होते. मान तिसऱ्या दिवशी धरली तर पुन्हा जाऊन त्याच केसपेपरवर लिहून घ्या. पहिला कागदच कायरोप्रॅक्टरचा असेल तर दावा कच्चा राहतो. नंतरच्या प्रत्येक भेटीची तारीख, मोजमाप आणि पावती ठेवा, कामाच्या बुडालेल्या दिवसांचं पत्र ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो, तेव्हा दुखणं पूर्ण थांबायची वाट पाहत बसू नका. केंद्राच्या मे २०२५ च्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमींना ठरलेल्या रुग्णालयांत पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळतात, हेही घरात सगळ्यांना माहीत असू दे.

प्रश्न : मान बरी झाली. आता दर महिन्याला अॅडजस्टमेंट (कायरोप्रॅक्टरने मणक्याला हातांनी दिलेला झटका) घेतली तर मणका आयुष्यभर चांगला राहतो, रोगही होत नाहीत, असं सांगतात. आईलाही (वय ६८) न्यायचा विचार आहे. (वाचक, विलेपार्ले)

उत्तर : रोग होत नाहीत, प्रतिकारशक्ती वाढते, हे दावे सिद्ध झालेले नाहीत. ते करणाऱ्याकडे जाऊ नका. आमच्याच क्षेत्रातले लोक हे बोलतात याचं आम्हाला वाईट वाटतं, कारण जे थोडं खरोखर उपयोगी आहे त्यावरचाही विश्वास त्यामुळे उडतो.

ते थोडं असं. स्वीडनमध्ये कंबरदुखी वारंवार उलटणाऱ्या आणि पहिल्या उपचारांनी बरं वाटलेल्या ३२८ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला ठरावीक अंतराने बोलावलं, दुसऱ्याने दुखेल तेव्हा यायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पहिल्या गटाचे त्रासाचे दिवस वर्षात सुमारे १३ नी कमी भरले. तेव्हा तुमची कंबर वर्षातून दोन-चारदा धरत असेल आणि हाताच्या उपचाराने सुटत असेल, तर दोन-तीन महिन्यांनी एक भेट घ्यायला हरकत नाही. ज्याला काहीच होत नाही त्याने दर महिन्याला पैसे मोजावेत, असं यातून निघत नाही.

मणका वर्षानुवर्षं चालता ठेवायचा तर आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम हवेत. मुंबईत जागा नाही ही सबब जिन्याने मोडते. तीन मजले चढणं, खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठणं, भिंतीवर जोर काढणं, दहा बाय दहाच्या खोलीतही होतं. जमिनीवर मांडी घालून जेवायची सवय असेल तर ती मोडू नका, आधार न घेता खालून उठता येणं हा मोठा व्यायाम आहे.

आईचं मात्र आधी वेगळं बघा. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात आणि विरळ हाडावर झटका दिला तर मणका किंवा बरगडी मोडू शकते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरने किंवा जास्त कमी झाली असेल, पाठीला पोक आलं असेल, किंवा दमा, संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या असतील, तर ती तपासणी होईपर्यंत कुणाच्याही टेबलावर त्यांना झोपवू नका. अहवाल हाती आला की तो कायरोप्रॅक्टरला आधी वाचायला द्या. वाचून त्याने ‘झटका नको, हलका हात आणि तोल सांभाळायचे व्यायाम’ असं म्हटलं, तर आईला घेऊन जा.